चाकं आत बसलेली दिसतात, म्हणून स्पेसर लावू का?

खारघरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते लांब आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढंच देतो. त्यातला स्पेसर म्हणजे चाक आणि हब (ज्यावर चाक बोल्टने आवळतात तो भाग) यांच्यामध्ये घालायची धातूची चकती.

"मागच्या दिवाळीत २००७ सालची पोर्शे बॉक्स्टर घेतली, २.७ लिटरची. वापरलेली आहे, पण जिवापाड जपतो. रविवारी पहाटे पाम बीच रोड, महिन्यातून एकदा लोणावळा, एवढंच चालवणं. एक गोष्ट मात्र रोज खटकते. चाकं कमानीच्या आत गेल्यासारखी दिसतात, विशेषतः पुढची. टायरही बारीक वाटतात. पुढे २०५/५५ आर १७ आहेत, मागे २३५/५० आर १७. एका दुकानात सांगितलं की याच रिमवर पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५ चढवू, शिवाय पुढे १५ आणि मागे २० मि.मी.चे स्पेसर टाकू, गाडी रस्त्याला चिकटून धावेल. बोल्ट आहेत तेच चालतील म्हणाले. बाबा म्हणतात, कंपनीने दिलंय त्याला हात लावू नको. काय करू?"

बोल्ट आहेत तेच चालतील असं जिथे सांगितलं, तिथे गाडी नेऊ नका. बाकीचं सविस्तर बोलूच, पण एवढं आधी मनाशी पक्कं करा.

काही वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. एक तरुण त्याची दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन आला. तक्रार अशी की मुलुंडच्या टोलनाक्यापासून सत्तर-ऐंशीचा वेग झाला की स्टिअरिंग थरथरतं. तीनदा बॅलन्सिंग करून झालं होतं. फिटरने गाडी उचलली आणि पुढच्या डाव्या चाकाचे बोल्ट हाताने सोडवायला घेतले. पहिला बोल्ट सैल केल्यावर तो मोठ्याने फेरे मोजू लागला. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवा पुरा व्हायच्या आत बोल्ट त्याच्या हातात आला. त्याने तो पुसला नाही, तसाच माझ्यासमोर धरला. टोकाकडचे जेमतेम सात मि.मी. आटे घासून चकचकीत झाले होते, आणि वरचा सगळा भाग तांबूस धुळीने माखलेला. म्हणजे अख्खं चाक त्या सात मि.मी.वर लटकत होतं. चाक उतरवल्यावर मागे १५ मि.मी.चा स्पेसर निघाला. बसवणाऱ्याने बोल्ट बदललेच नव्हते. हबमधल्या पाचपैकी दोन भोकांचे आटे खाल्लेले होते. त्या मुलाची बायको आणि दोन वर्षांची मुलगी बाहेर बाकावर बसली होती, त्याच गाडीतून आलेली. त्या बोल्टचं टोक मी अजून विसरलेलो नाही.

हिशेब साधा आहे. तुमच्या गाडीचे बोल्ट १४ मि.मी. जाडीचे, आणि त्यांच्या दोन आट्यांमधलं अंतर दीड मि.मी. बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढा तो आत शिरलाच पाहिजे. म्हणजे १४ मि.मी., म्हणजे नऊ ते दहा पूर्ण फेरे. मध्ये १५ मि.मी.चा स्पेसर घातला की तेवढेच मि.मी. आटे आतून कमी होतात. म्हणून जेवढा स्पेसर जाड, तेवढाच बोल्ट लांब लागतो. यात तडजोड नाही.

आता टायरकडे येतो. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मि.मी.मध्ये. तिरक्या रेघेनंतरचा भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत. 'आर' नंतरचा रिमच्या व्यासाचा, इंचांत. दुकानदाराने सांगितलेल्या रुंद्या, २३५ आणि २६५, हवेतून आलेल्या नाहीत. तुमच्याच गाडीची थोरली बहीण, त्या काळची बॉक्स्टर एस, हिला कंपनी १८ इंची सेटवर नेमके याच रुंदीचे टायर देत होती. पुढे २३५/४० आणि मागे २६५/४०. साधी बॉक्स्टर नवी घेणाऱ्यालाही तो सेट जास्तीचे पैसे भरून मिळत असे. दुकानदाराने त्या टायरची रुंदी उचलली आणि रिम विसरला.

तुमची पुढची रिम साडेसहा इंच रुंद आहे, मागची आठ. टायर कंपन्यांच्या तक्त्यात २३५/४५ साठी कमीत कमी साडेसात इंचांची रिम लागते आणि २६५/४५ साठी कमीत कमी साडेआठ. म्हणजे पुढे तुम्ही पूर्ण एक इंच कमी आहात. टायर चढेल, हवाही भरली जाईल, लांबून दिसेलही भरदार. पण खालच्या कडा आत खेचल्या गेल्यामुळे टायरचं पोट फुगतं, मधली पट्टी रस्त्याकडे फुगते, बाजूच्या कडा उचलल्या जातात आणि रस्त्यावर टेकणारा भाग सपाट राहत नाही. वळणावर आधी टायरचं पोट एका बाजूला कलतं आणि मग गाडी वळते. बॉक्स्टरचं सगळं वैभव तिच्या स्टिअरिंगमध्ये आहे. नेमकं तेच तुम्ही पैसे देऊन बोथट कराल.

पोर्शेने स्वतः पुढचा टायर २०५ वरून २३५ केला, म्हणजे ३० मि.मी. वाढवला, तेव्हा रिम साडेसहावरून आठ इंचांवर नेली, म्हणजे ३८ मि.मी. टायरपेक्षा रिम जास्त वाढवली. हे मला फार बोलकं वाटतं. जास्त ग्रिप हवी असेल तर आधी टायरखालचा पाया रुंद करायचा असतो.

तुमची खरी खंत मात्र दिसण्याची आहे, आणि ती चुकीची मुळीच नाही. एवढी सुंदर गाडी रोज डोळे भरून पाहायची आणि दर वेळी नजर त्या आत गेलेल्या चाकावर अडायची, हे मी समजू शकतो. म्हणून जरा कागद-पेन्सिल घ्या, कारण तुमचं उत्तर या आकडेमोडीत आहे.

प्रत्येक रिमवर 'ईटी' असा एक आकडा कोरलेला असतो. रिमची बरोबर मधली रेषा आणि रिम हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग, यांच्यातलं ते अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा मोठा असेल तर चाक आत बसतं. तुमची पुढची रिम आहे साडेसहा जे, ईटी ५५ ('जे' ही रिमच्या कडेच्या आकाराची खूण). साडेसहा इंच म्हणजे १६५ मि.मी., त्याचे अर्धे साडेब्याऐंशी. त्यातून ५५ गेले, उरले साडेसत्तावीस. म्हणजे हबच्या पृष्ठभागापासून रिमची कड साडेसत्तावीस मि.मी. बाहेर येते. १८ इंची सेटची पुढची रिम आहे आठ जे, ईटी ५७. आठ इंच म्हणजे २०३, अर्धे साडेएकशे एक, वजा ५७, उरले साडेचव्वेचाळीस. फरक १७ मि.मी.! दुकानदार १५ मि.मी.चा स्पेसर टाकून जेवढं चाक बाहेर काढणार होता, त्याहून दोन मि.मी. जास्त तुम्हाला एकही स्पेसर न लावता मिळतात. मागची रिम सध्या आठ जे, ईटी ४०. १८ इंची सेटमध्ये ती नऊ जे, ईटी ४३. तिथे कड साधारण १० मि.मी. बाहेर येते. मागे दुकानदाराने २० सांगितले होते, त्यापुढे हे थोडे कमी आहेत, पण मागची चाकं तुम्हाला तेवढी खटकतही नाहीत.

मग कड बाहेर येणारच असेल तर स्पेसर काय वाईट, असं तुम्ही विचाराल. फरक मधल्या रेषेचा आहे. १८ इंची सेटमध्ये रिम दोन्ही बाजूंना वाढते, बाहेरही आणि आतही. तिची मधली रेषा जवळपास होती तिथेच राहते, उलट पुढे दोन आणि मागे तीन मि.मी. आतच सरकते. स्पेसर मात्र अख्खं चाक उचलून बाहेर ठेवतो, मध्यरेषेसकट.

याने काय होतं ते समजून घ्यायला घरातलं दार पुरे आहे. बिजागरीजवळ बोट लावून दार ढकलून पाहा, मग कडीजवळ ढकला. कडीजवळ ते एका बोटाने फिरतं. पुढचं चाकही एका बिजागरीभोवतीच वळतं. ती सस्पेन्शनमधली एक तिरकी रेषा असते आणि खाली जमिनीला एका ठिकाणी मिळते. त्या ठिकाणापासून टायरची मधली रेषा किती लांब, हे अंतर कंपनी मोजूनमापून ठरवते. स्पेसरने ते अंतर १५ मि.मी. बदललं की रस्त्याचा हात बिजागरीपासून कडीकडे सरकला. एक चाक खड्ड्यात गेलं, एका बाजूला वाळू आली, ब्रेक मारताना डावं चाक पाण्यात आणि उजवं कोरड्यात असलं, की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. घोडबंदर रोडवर अवजड वाहनांनी दाबून पाडलेल्या चाकोऱ्या आहेत. तशा रस्त्यावर स्पेसर लावलेली गाडी सतत त्या चाकोरीत घसरू पाहते आणि चालवणारा गायमुखपर्यंत स्टिअरिंगशी झुंजत राहतो. शिवाय हबच्या बेअरिंगवरचा भार बाहेर सरकतो आणि ती लवकर आवाज करू लागते.

तेव्हा माझा सल्ला हा: त्याच पिढीच्या बॉक्स्टरचा कंपनीचा १८ इंची सेट शोधा. मूळ सेट वापरलेला मिळतो. वेळ लागेल, लागू द्या.

या सेटचं एक दुखणं आहे, तेही सांगतो. सध्या तुमच्या पुढच्या टायरच्या भिंतीची उंची ११३ मि.मी.च्या आसपास आहे. २३५/४० मध्ये ती ९४ होते. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली उशी जवळजवळ १९ मि.मी.नी कमी होते. ऑगस्टमध्ये शीव-पनवेल महामार्गावर पाण्याखाली काय दडलंय ते दिसत नाही. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची एक धारदार कड १८ इंची रिम वाकवायला पुरते. म्हणून १७ इंची सेट विकू नका. पावसाळ्यात तो चढवा आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास १८ इंची. दोन सेट ठेवायला फ्लॅटच्या बाल्कनीतला एक कोपरा लागतो, एवढंच. टायर पुसून, कोरडे करून, उन्हापासून झाकून ठेवा.

पावसात अरुंद टायर बरा, हे अनेकांना पटत नाही. बादलीभर पाण्यावर तळहात आडवा मारून पाहा, मग हाताची कड मारून पाहा. कड सरळ आत जाते, तळहात वर अडतो. रुंद टायरला समोरचं पाणी जास्त रुंदीत बाजूला सारावं लागतं, आणि हवेचा दाब तोच असेल तर जमिनीवर टेकलेला भाग रुंद होताना आखूड होतो, म्हणजे पाणी सारायला वेळही कमी मिळतो. तुमच्या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आहे, पुढचा भाग हलका. भरल्या पाण्यात आधी पुढचीच चाकं तरंगणार. तिथे २०५ चा टायर आणि खोल नक्षी हेच तुमचे सोबती. नक्षीत १.६ मि.मी.ची खूण असते, तिथवर टायर घासला की कायद्यानेही तो संपला. पण पावसाळ्यासाठी माझी रेघ वर आहे. तीन मि.मी.च्या खाली गेलेला टायर घेऊन जूनमध्ये एक्स्प्रेसवेवर जाऊ नका.

आणि आधी सध्याच्या टायरचं वय पाहा! भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१५ असेल तर टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर घासून जात नाहीत, वाळून जातात. नक्षी नव्यासारखी आणि रबर लाकडासारखं. तुमची गाडी महिन्यातून चार-पाच वेळाच निघते, म्हणून मला ही शंका येते. तसं असेल तर २०५ चेच नवे टायर घातल्यावर तुम्हाला जी ग्रिप मिळेल, ती कुठल्याही रुंदीने मिळणार नाही. पोर्शे ज्या टायरांना मान्यता देते त्यांच्या भिंतीवर एन ० किंवा एन १ अशी खूण असते. ते मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी चारही एकाच बनावटीचे, एकाच नक्षीचे घ्या.

सेट बघायला जाल तेव्हा रिम उलटी करून घ्या. स्पोकच्या मागच्या बाजूला रुंदी आणि ईटी उठवलेलं असतं. पुढच्या दोन रिमांवर ८ जे × १८, ईटी ५७ आणि मागच्या दोनवर ९ जे × १८, ईटी ४३ असं दिसलं पाहिजे. हुबेहूब दिसणाऱ्या नकली रिमा बाजारात भरपूर आहेत आणि त्यांचे ईटी काहीही असतात. मग बोल्टची बैठक पाहा. तुमच्या गाडीच्या बोल्टचं डोकं जिथे रिमला टेकतं तो भाग गोलाकार असतो, चेंडूच्या तुकड्यासारखा. बऱ्याच दुकानांत सर्रास मिळणारे बोल्ट शंकूच्या आकाराचे. गोल बैठकीत शंकू बसवला तर तो एका बारीक कडेवर टेकतो आणि सैल होत जातो. रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर टायरशिवाय फिरवून घ्या. वाकलेली असेल तर डोळ्यांना दिसेल. वेल्डिंग केलेली रिम कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

हे सगळं करूनही मागचं चाक अजून थोडं बाहेर हवं वाटलं, तर मागच्या चाकांना ५ मि.मी.च्या स्पेसरला माझा विरोध नाही. पोर्शेने स्वतः ५ मि.मी.चे स्पेसर दिलेले आहेत, त्यांच्यासोबत लांब बोल्टही. मात्र तो स्पेसर हबच्या मधल्या उंचवट्यावर घट्ट बसणारा हवा. तुमच्या गाडीचं मधलं भोक ७१.६ मि.मी.चं आहे. अनेक गाड्यांना चालावा म्हणून लांबट भोकं पाडलेला स्पेसर कुणी दाखवला तर हातात घेऊन परत ठेवून द्या. पातळ स्पेसर हबच्या उंचवट्याचा थोडा भाग खातो, तेव्हा उरलेल्या उंचवट्यावर रिम नीट बसते की नाही ते बोल्ट लावण्याआधी हाताने चाचपून पाहा. एकावर एक दोन स्पेसर कधीही नको.

बसवताना समोर उभे राहा. हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून धातू दिसेपर्यंत साफ करायला लावा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर तो शंभर किलोमीटरमध्ये चुरतो आणि बोल्ट सैल पडतात. बोल्ट आधी हाताने फिरवायचे आणि फेरे मोजायचे. दहाच्या खाली एकही नको. हवेच्या गनने आवळू देऊ नका. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना, १३० न्यूटन मीटर, आणि ताऱ्याच्या आकारात एकाआड एक. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तोच पाना लावून तपासा. जुने बोल्ट एका पिशवीत भरून डिकीत ठेवा आणि पिशवीवर लिहून ठेवा, कारण स्पेसर काढला की लांब बोल्ट चालत नाहीत. मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे शू असतात, जास्त आत गेलेला बोल्ट त्यांना भिडू शकतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दर बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कंपनीने त्याच गाडीसाठी दिलेला सेट वापरताना तुमच्याकडे दाखवायला आधार असतो. कमानीबाहेर आलेलं चाक आणि बाजारू स्पेसर यांना तसा आधार नाही. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं २०२२ मध्ये झाली, म्हणजे नोंदणीचं पुढचं नूतनीकरण २०२७ च्या आसपास येणार आणि तेव्हा गाडी तपासणीला उभी राहणार. विमा कंपनीलाही चाकं बदलल्याचं लेखी कळवा. अपघातानंतर सर्वेक्षक आधी चाकाकडे बघतो.

बाबांना हे पत्र वाचायला द्या. तुम्ही लावणार आहात ते कंपनीनेच दिलेलं आहे, हे कळलं की त्यांचीही काळजी मिटेल. आणि सेट सापडला की पैसे देण्याआधी चारही रिमांच्या मागच्या बाजूचे फोटो मला पाठवा, आकडे स्पष्ट दिसतील असे.